शिडीवर एक जास्त

४ नोव्हेंबर, सोमवार

आज गोदाम क्रमांक दोनमध्ये सभा झाली. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, तीस रिकाम्या. समोर पर्यटन खात्याचा साहेब. माझ्या पोरीपेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल, गळ्यात टाय, तोंडात खडीसाखर. त्याने पडद्यावर एका अकरा मजली पांढऱ्या जहाजाचं चित्र दाखवलं. २ डिसेंबरला ते आमच्या धक्क्याला लागणार आणि त्या दिवसापासून म्हणे शहराचं नशीब उघडणार. मी हात वर करून विचारलं की जहाज माल काय आणणार. तो म्हणाला, माणसं. मी विचारलं, आणि नेणार काय? तो म्हणाला, आठवणी. मागे मुकादम फिसकन हसला. आठवणी मोजायला टॅली कारकून लागत नाही, एवढा त्या सभेचा मथितार्थ मला समजला.

उद्या ही वही कोणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून लिहून ठेवतो: टॅली कारकून म्हणजे मी. जहाजातून उतरणारं आणि जहाजात चढणारं पोतं न् पोतं मोजणारा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली एक जुडी. एकतीस वर्षांत माझी मोजणी एकदाही चुकली नाही. गुपित साधं आहे. हमालाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. तोंड दिसलं की ओळख निघते, ओळख निघाली की 'काय, कसं काय' होतं, आणि तेवढ्यात दोन पोती पसार होतात. आता बहुतेक माल लोखंडी पेट्यांत बंद होऊन मोठ्या बंदराला जातो. आमच्याकडे येतं ते उरलंसुरलं सिमेंट आणि खत.

जेवताना कन्येने विचारलं, अशा जहाजावर नोकरी मिळाली तर करू का? चोवीस वर्षांची पदवीधर मुलगी, सध्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी नाही. लोकांच्या चादरी बदलायला शिकवलं नाही तुला. तिने ताट उचललं. समजूतदार आहे, एकदा सांगितलं की पुरे.

६ नोव्हेंबर, बुधवार

गोदामांना रंग देणं सुरू झालं. समुद्राकडच्या भिंतीला तेवढा पिवळा रंग, कारण जहाजातून तीच दिसते. शहराकडची भिंत आहे तशी, पोपडे आलेली. नऊ वर्षं बंद पडलेल्या क्रेनलाही निळा रंग फासला. मुकादमाने विचारलं की क्रेन दुरुस्त का नाही करत. रंगारी म्हणाला, त्याचं टेंडर वेगळं आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

पर्यटन खात्याचे लिफाफे यायला लागले. रोज एक, कधी दोन. वर नारळाच्या झाडाचं चित्र, आत गुळगुळीत कागद. पहिला उघडून वाचला. 'पाहुण्यांशी नजर मिळवून स्मित करावे.' दुसरा उघडलाच नाही. आता येतील तसे डाव्या हाताच्या ट्रेमध्ये टाकतो. खताच्या जहाजाचं पत्र असतं तर वाचलं असतं.

दुपारी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. जहाजांच्या एजंटाकडे कामाला आहे, म्हणजे सगळ्यांना सगळं मिळवून देतो आणि मधल्या मध्ये स्वतःला. पांढऱ्या हत्तीचं, म्हणजे त्या अकरा मजली जहाजाचं, काम त्यांच्याच कंपनीला मिळालं म्हणून स्वारी खुशीत होती. मला म्हणाला, "भावोजी, आमच्या कंपनीचे कागद नीट वाचत जा हं, महत्त्वाचे असतात." मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आम्हाला हसायला शिकवलं. खरंच सांगतो, दोन तास. पर्यटन खात्याच्या एका बाईंनी पाव्हण्यांना 'वेलकम' म्हणताना दात किती दिसावेत ते करून दाखवलं. मुकादमाला समोरचे दोन नाहीत, त्याला मागच्या रांगेत बसवलं.

मला मात्र काम मिळालं आहे. बंदर दरडोई कर घेणार, म्हणून बंदराची स्वतःची मोजणी हवी. जहाजावर म्हणे यंत्र आहे, कार्ड टेकवलं की टुंग वाजतं आणि आकडा लागतो. आमच्या बंदरसाहेबांनी सांगितलं की यंत्र त्यांचं, आपला माणूस आपला. पाव्हणा असो की खलाशी, एकच शिडी. जो उतरेल तो मोजायचा, जो चढेल तो मोजायचा. पर्यटनसाहेबाने विचारलं की मी हसेन ना. मी म्हटलं, साहेब, मी पोत्यांकडे बघून कधी हसलो नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

घरी आलो तर पलंगावर हंस. माझ्या अंघोळीच्या टॉवेलचा. मान, पंख, सगळं. कन्येचे उद्योग. पर्यटन खात्याने धक्क्यावर बायकांना टपऱ्या द्यायचं ठरवलंय, त्यात मांडायला शिकत असेल. परदेशी माणूस इथवर येऊन टॉवेलचा हंस घेईल, असं ज्याला वाटतं त्याच्या अकलेची आरती करावी. मी हंस उलगडून अंग पुसलं. ती दारात उभी होती, म्हणाली, "बाबा, बरा जमला होता का?" मी म्हटलं, मान लांब झाली.

शिवाय काळे बूट आणलेत. नाडीचे, जाड तळव्यांचे. मी विचारलं, पोलिसात भरती झालीस का? ही मध्येच म्हणाली, पाय दुखतात तिचे, दिवसभर उभं राहायचं असतं. झेरॉक्सच्या दुकानात स्टूल आहे हे मला माहीत आहे, पण बायकांच्या खरेदीत तोंड घालू नये.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

फोटो काढले कन्येचे, आठ प्रती. रक्तही तपासून आणलं. मी हिला विचारलं हे काय चाललंय. ही भाजी निवडत म्हणाली, एका ठिकाणी द्यायचंय. मी पुढे विचारलं नाही. स्थळ असणार. आजकाल मुलाकडचे रक्ताचा रिपोर्टही मागतात म्हणे. आपण होऊन विचारलं तर घाई दिसते. मनातून बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. मेहुण्याने आणलेलं स्थळ नसलं म्हणजे मिळवली.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

फर्मान निघालं की २ तारखेला हमालांनी धक्क्यावर यायचं नाही. उघडी अंगं बरी दिसत नाहीत. सिमेंटचं जहाज बाहेर नांगरून ठेवलंय, त्याने चार दिवस थांबायचं. मुकादम विचारायला गेला की रोजावरच्या माणसांनी त्या दिवशी काय करायचं. पर्यटनसाहेब म्हणाला, त्यांनीही फिरायला यावं, स्वच्छ कपडे घालून. हत्तीच्या पायाखाली मुंगी आली तर हत्तीला कुठे कळतं.

माझ्या ट्रेमधले लिफाफे आता वीतभर झालेत.

१ डिसेंबर, रविवार

कन्येने आज स्वतः स्वयंपाक केला. माझ्या ताटात तीनदा वाढलं. नंतर माझ्या उद्याच्या सदऱ्याला इस्त्री केली. मी विचारलं, काय हवंय? म्हणाली, काही नाही. ही उठून आत गेली. घरात स्थळाची बोलणी पक्की होत आलीत असं दिसतं, आणि मला शेवटी सांगणार.

२ डिसेंबर, सोमवार

आला एकदाचा हत्ती. धक्क्यापेक्षा लांब. शेपूट बाहेर राहिलं.

सकाळी नऊपासून उतरले. मी शिडीच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसलो, पायांवर नजर, मांडीवर वही. पांढरे कापडी बूट, चामडी चपला, रंगवलेली नखं, काठ्यांची रबरी टोकं, एका आजीबाईंचे सुजलेले घोटे. शेजारी पर्यटनसाहेब 'वेलकम वेलकम' करत होता, घसा बसला त्याचा. अकराला शेवटचा उतरला. आठशे सत्तेचाळीस.

मग हे आठशे सत्तेचाळीस गावात काय करून आले ते ऐका. पाणी जहाजावरचं आणलं होतं. जेवण जहाजावर फुकट, म्हणून कोणी काही खाल्लं नाही. मोठ्या बसमधून त्यांना जुना दीपस्तंभ दाखवला, ती बसही जहाजाच्याच कंपनीने ठरवलेली. बाजारात एक बाई दोन टोप्या हाताळून परत ठेवून गेली. टपरीवाल्या बायका सकाळपासून नट्टापट्टा करून उन्हात बसल्या होत्या. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात, इथे उंदीरसुद्धा निघाला नाही. एवढं अजस्र जहाज आमच्या दारात आलं आणि या देशातून चिमूटभर काही उचललं नाही.

तीनला चढायला सुरुवात. परत तेच पाय, आता धुळीचे. मधेच एका जोडीने माझी लय मोडली. काळे बूट, नवे, नाड्यांना दुहेरी गाठ, शेजारी जमिनीवर टेकवलेली बॅग. खलाशी असणार कोणी. माझ्यासमोर येऊन थांबला तो थांबलाच. मी पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली. दोन श्वास झाले, तीन झाले, मागे रांग तुंबली. मान न उचलता म्हटलं, "पुढे व्हा, वाट अडवू नका." मग बूट हलले आणि मी रेघ ओढली.

पाचला शिडी उचलली. बेरीज केली. आठशे अठ्ठेचाळीस.

पुन्हा केली. आठशे अठ्ठेचाळीस.

घरी आलो तर कन्या नाही. ही म्हणाली, मामाकडे गेलीय, काही दिवस राहील. डोळे सुजलेले दिसले हिचे. मी म्हटलं, पोरगी चार गल्ल्यांपलीकडे गेली तर एवढं काय. माझं डोकं त्या एका रेघेत अडकलं होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

जहाजाच्या यंत्राचा आकडा म्हणे बरोबर आहे, त्यांना काही वावगं दिसत नाही. पर्यटनसाहेब मला म्हणाला, "काका, सोडा ना. एकाने काय होतं?" एकाने काय होतं! एका पोत्यासाठी मी जुन्या दिवसांत अख्खं जहाज दोन तास अडवलेलं आहे.

सरळ बंदरसाहेबांकडे गेलो. सांगितलं, आपल्या किनाऱ्यावरून एक माणूस त्या जहाजावर चढला आहे आणि तो उतरलेल्यांतला नाही. लपून पळालेला असेल, गुन्हेगार असेल, माझी मोजणी खोटी ठरवायची असेल तर लेखी द्या. लेखी म्हटल्यावर साहेब सरळ झाले. पुढच्या बंदराला संदेश गेला: जहाजावर एक अनधिकृत व्यक्ती असण्याचा संशय, तपासणी व्हावी. खाली माझं नाव आणि हुद्दा.

एकतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या रेघेची दखल समुद्रापार गेली. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिच्या हातातून कप निसटला. पाय भाजला. पदरात तोंड घालून भावाला फोन करायला बाहेर गेली. भाजल्यावर माणूस मलम लावतं, भावाला फोन करत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

आज पांढरा हत्ती पुढच्या बंदराला लागला असेल. धरलं असेल त्या महाभागाला. मुकादम म्हणाला, कशाला कोणाच्या पोटावर पाय देता, असेल कोणी बिचारा नशीब काढायला निघालेला. मी म्हटलं, नशीब काढायचं तर कागद करून निघावं.

ही जेवत नाही. दोनदा काही बोलायला आली आणि परत गेली.

८ डिसेंबर, रविवार

कसं लिहू कळत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी अकराला मेहुणा आला. बसला नाही, उभ्यानेच बोलला. जहाजावरची ती एक म्हणजे माझी मुलगी. नोकरी लागली आहे तिला, खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्या विभागात, नऊ महिन्यांचा करार. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, सगळे कागद रीतसर. चढणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याची सूचना त्याच्या कंपनीने बंदराला आठ दिवस आधी पाठवली होती. पर्यटन खात्यामार्फत, नारळाच्या झाडाच्या लिफाफ्यातून, माझ्या नावे. तिचं नाव, माझं नाव, जन्मतारीख, फोटो.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, भावोजी," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

पुढचं त्याहून वाईट. माझ्या संदेशावरून त्या बंदरात पोलीस चढले. नवीन म्हणून तिलाच बाजूला काढलं, साडेचार तास एका खोलीत बसवलं. कागद बरोबर निघाले, पण जहाजाच्या कंपनीला झंझट नको. आमच्या बंदराने तक्रार लेखी मागे घेतली नाही तर अकरा तारखेला तिला पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवणार. तक्रार कोणी केली ते तिने कागदावर वाचलं आहे.

मी हिच्यावर ओरडलो. माझ्या घरात महिनाभर हे शिजतंय आणि मला वास नाही! ही शांतपणे म्हणाली, "तुमच्या डोळ्यांदेखत बूट आणले, फोटो काढले, जहाजावर खोल्यांत ठेवतात तसा हंस तुमच्याच पलंगावर करून ठेवला. लपवलं कुठे आम्ही? तुम्ही विचारलंत असतं तर मी सांगणार होते. तुम्ही विचारलंच नाहीत."

मी म्हटलं, निदान तिने जाताना सांगायचं होतं.

तेव्हा ही खाली बसली आणि म्हणाली, "थांबली होती ना ती तुमच्यासमोर. जहाजावरून फोन केला तेव्हा सांगितलं मला. बाबांनी मान वर केली असती आणि जाऊ नको म्हटलं असतं, तर ती बॅग घेऊन परत फिरणार होती. तुम्ही म्हणालात, पुढे व्हा."

मेहुणा खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

९ डिसेंबर, सोमवार

सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. ट्रेमधला ढीग उपसला. वरून नववा लिफाफा. फोटोत ती हसते आहे, पर्यटनवाल्या बाईंनी शिकवलं होतं तेवढंच, दात मोजके.

मग मोजणीची वही काढली. आठशे अठ्ठेचाळीस रेघा, सगळ्या सारख्या. पण एके ठिकाणी पेन्सिल टेकवून ठेवली होती हे माझ्या ध्यानात होतं. सापडली. चौथ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, जुडीतली दुसरी. सुरुवातीला काळा ठिपका आणि मग रेघ. तिच्यावर किती वेळ बोट ठेवून बसलो होतो कोण जाणे. मुकादम आत आला आणि दार लोटून परत गेला.

दहाला बंदरसाहेबांकडे गेलो. सगळं खरं सांगितलं. म्हटलं, असं लिहून द्या की मोजणी बरोबर होती, जास्तीचं माणूस रीतसर नोकरीवर चढलं होतं, सूचना आली होती आणि मी ती वाचली नाही. साहेबांनी चष्मा काढला. "सूचना ऑफिसात पडून होती आणि ऑफिसने वाचली नाही, असं मी माझ्या सहीने लिहू? ऑफिस चुकत नसतं. माणूस चुकतो. तुमची मोजणी चुकली एवढं लिहा, आत्ता पाठवतो." एवढा शहाणा माणूस, आणि त्याची सगळी अक्कल खुर्चीच्या गादीत. पण मला बोलायला तोंड कुठे होतं.

त्यांनी छापील फॉर्म पुढे केला. मी फॉर्म घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो: माझ्या मनात आलं की सही न केलेलीच बरी. मला काहीही वाईट करायचं नव्हतं. फक्त खरं धरून बसायचं होतं, जे मी एकतीस वर्षं केलं. अकरा तारखेला ती उतरली असती, आठवड्याभरात घरी, झेरॉक्सच्या दुकानात, स्टुलावर. माझी मोजणीही शाबूत, मुलगीही शाबूत. अर्धा तास मी त्या विचाराला कुरवाळत बसलो. पर्यटनसाहेबाला, मेहुण्याला, साऱ्या जगाला हसलो, पण त्या बाकावर बसलेल्या माणसाइतका क्षुद्र माणूस मी या बंदरात पाहिलेला नाही.

मग फॉर्म भरला. नाव, हुद्दा, जहाज, तारीख. 'प्रत्यक्ष संख्या': आठशे सत्तेचाळीस. माझ्या हाताने पहिला खोटा आकडा. शेवटचा रकाना होता 'चुकीचे कारण'. साहेब आतून म्हणाले, "वयोमानानुसार असं टाका, चालतं." मी ते टाकलं नाही. लिहिलं: शिडीवर ओळखीचं माणूस समोर येऊन उभं राहिलं. मान वर करून पाहिलं. दोन शब्द बोललो. त्यात मोजणी चुकली.

साहेबांनी वाचलं, म्हणाले, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आणि शिक्का मारला.